घरची चूल आणि हॉटेलचं टेबल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

स्वयंपाकाची आवड असलेल्या पुरुषाला 'तुम्ही हॉटेलात का जेवता?' असं कुणी विचारत नाही. मला मात्र हा प्रश्न बऱ्याचदा ऐकावा लागतो. "भाभी, तुमच्या हाताला एवढी चव, मग बाहेर कशाला जाता?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, कौतुकच असतं. पण त्या कौतुकाच्या पोटात एक हिशेब असतो. जिला चांगलं रांधता येतं तिनं रांधत राहावं आणि हॉटेल ही ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांची सोय, असा तो हिशेब. मला स्वयंपाक मनापासून आवडतो. कवितेची ओळ सुचते तीसुद्धा बहुधा कांदा चिरताना. आणि हॉटेलात बसून जेवायलाही मला आवडतं. या दोन आवडी एकाच बाईत कशा नांदतात, ते मला कोरोनाच्या काळात नीट उमगलं. हॉटेलं बंद झाली, मग अर्धी उघडली, पुन्हा बंद झाली, पुन्हा उघडली. त्या उघडझापीत विचार करायला वेळ बराच मिळाला.

हॉटेल म्हणताना मी हिंगोलीच्या अर्थानं म्हणते आहे. पाटीवर 'रेस्टॉरंट' लिहिलेलं असलं तरी आपल्या तोंडात हॉटेलच. बसस्थानकाजवळ आलूबोंडा आणि चहा मिळतो तेही हॉटेल, औंढा नागनाथाच्या रस्त्यावर उपवासाचं मिळतं तेही हॉटेल आणि नांदेड रोडवरचा ढाबाही हॉटेलच. राहायची सोय असते तो आपल्याकडे लॉज!

२२ मार्च २०२० ला, रविवारी, जनता कर्फ्यू झाला आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी. आमच्या भागात ते हळद काढून शिजवण्याचे दिवस. एरवी त्या दिवसांत रस्त्यावरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर हळदीच्या भावाची चर्चा चालते. टपऱ्याच बंद झाल्या तर चर्चा कुठे करणार? एप्रिलमध्ये मालेगावच्या बंदोबस्तावरून परतलेले राज्य राखीव पोलिस दलाचे जवान बाधित निघाले आणि हिंगोली एकदम बातम्यांत आली. २५ एप्रिलला रमजान लागला. एरवी त्या महिन्यात असरच्या नमाजनंतर बाजार नुसता घमघमतो. भजी, समोसे, कापलेली फळं, खजूर. बाहेरून थोडं आणायचं, घरचं थोडं करायचं, असं चाललेलं असतं. त्या वर्षी बाहेरचं सगळं बंद, म्हणून सगळंच घरी. सहरी घरी, इफ्तार घरी, तरावीहसुद्धा घरी.

पुढच्या वर्षीही तेच. १४ एप्रिल २०२१ ला पहिला रोजा. त्याच दिवशी डॉ. बाबासाहेबांची जयंती आणि त्याच रात्री आठपासून राज्यात कडक संचारबंदी. जयंतीचं जेवणही घरोघरच झालं आणि इफ्तारही घरोघर. शेजारणीशी देवाणघेवाण झाली ती गच्चीच्या कठड्यावरून, वाटीवर झाकण घालून.

त्या दोन वर्षांत बाईचं काम किती वाढलं हे सांगायला आकडे लागत नाहीत, तरी एक आकडा सांगते, कारण तो बोलका आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०१९ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या आधी, लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली होती. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. जे पुरुष असं काम करत होते त्यांचा ९७ मिनिटं. तीच पाहणी २०२४ मध्ये पुन्हा झाली. बायका २८९ मिनिटांवर आल्या, पुरुष ८८ वर. मधल्या काळात पुरुष स्वयंपाकघरात आले, त्यांनी केक भाजले, कॉफी घुसळली, फोटो काढले, असं आपण सगळ्यांनी ऐकलं. पाहणीत मात्र ते कुठे दिसत नाहीत. आमच्या घरचे चहा आणि पोहे शिकले, तेवढं मी नोंदवून ठेवते.

तरीही त्या दिवसांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. हाताशी वेळ होता आणि घरातलं प्रत्येक माणूस जेवायला जागेवर होतं. बाजारात मिळणारे पदार्थ घरी करून पाहायचा मला नादच लागला. उपड्या तव्यावर नान भाजले. येसर घरी दळला. अम्मीच्या पद्धतीचा बगारा खाना आणि दालचा दर शुक्रवारी केला. यातलं पुष्कळसं घरी जमतं आणि चांगलं जमतं. काही मात्र कितीही जीव ओतला तरी घरच्या शेगडीवर होत नाही. त्याला हाताची चव कारण नसते, भांड्याचं आणि आगीचं गणितच वेगळं असतं. या फरकाबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हलीम घ्या. गहू, डाळी, मांस आणि मसाला एकजीव होईपर्यंत तासन् तास शिजवायचं आणि लाकडी दांड्यांनी घोटायचं. हैदराबादच्या हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. १९४८ पर्यंत आपण त्याच संस्थानात होतो, त्यामुळे रमजानात नांदेडला हलीम मिळतं, यात नवल नाही. मोठ्या देगेत जिन्नस भरपूर आणि बाहेरच्या हवेला लागणारा पृष्ठभाग त्या मानानं कमी, म्हणून उष्णता धरून राहते. खाली मंद आग, वर झाकणावर निखारे. मांसातले चिवट धागे अशा सावकाश उष्णतेत विरघळतात आणि तेच हलीमला घट्टपणा देतात. घरी चार माणसांचं करायला जा. पातेलं लहान, ते लवकर तापतं, लवकर निवतं आणि तळाला लागतं. कुकरमध्ये मांस शिजतं, मिक्सरमध्ये बारीक होतं, पण घोटल्यावर जी तार येते ती येत नाही. गव्हाचं आणि मटणाचं चांगलं सूप तयार होतं, इतकंच.

भाकरीची गोष्ट याच्या उलटी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून आपण उकळतं पाणी घालतो. त्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि पीठ धरून राहतं. पण हे धरणं तात्पुरतं. गव्हाच्या कणकेचे गोळे हॉटेलवाला सकाळी करून ठेवू शकतो आणि गिऱ्हाईक आलं की तंदुरात रोटी लावू शकतो. ज्वारीचा गोळा असा ठेवून चालत नाही. तो तेव्हाच मळायचा, तेव्हाच थापायचा, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायचा आणि आरावर फुगवायचा. तव्यावरून उतरलेली भाकरी जरा वेळानं कडक व्हायला लागते. म्हणजे हॉटेलात भाकरी द्यायची तर चुलीपुढे एक माणूस अखंड बसवावं लागतं. मराठवाड्यातल्या हॉटेलांच्या पाटीवर वर्षानुवर्षं तंदुरी रोटी होती आणि आपली रोजची भाकरी नव्हती, त्याचं मोठं कारण हे असावं असं मला वाटतं.

आता ढाब्याढाब्यांवर 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या लागल्या आहेत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, त्याचाही हातभार लागला असेल. चुलीपुढे बसलेलं ते माणूस बहुतेक ठिकाणी बाईच असते. गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी, डोक्यावर पदर घेऊन ती भाकऱ्या थापते आणि लोक तिचे व्हिडिओ काढतात. ती मात्र दुपारी घरून आणलेला डबा खाते. मी एकीला विचारलं, इथलं का खात नाही? ती म्हणाली, "दिवसभर वास नाकात असतो बाई, मग भूकच मरते." हे मला एकदम पटलं. आपण रांधलेलं आपल्याला शेवटी गोड लागत नाही, हा अनुभव घरोघरच्या बायकांचा आहे.

मग खिचडी. हिंगोलीहून नांदेडला जाताना कळमनुरी आणि आखाडा बाळापूर मागे टाकलं की वारंगा फाटा लागतो. तिथं लोक गाडी थांबवून खिचडी खातात. आता खिचडीसारखा घरगुती पदार्थ दुसरा नाही. बाळाला पहिला घास तिचा, आजाऱ्याला तिचाच आणि कंटाळलेल्या बाईच्या रात्रीच्या सैपाकालाही तीच. डाळ, तांदूळ, मीठ, हळद. हळद तर आपल्या घरचीच, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मग ही खिचडी पैसे देऊन रस्त्यावर का खावी?

याला दोन कारणं आहेत. एक पुन्हा पातेल्याचं. मोठ्या पातेल्यातली खिचडी वाफेवर गरम राहते आणि खप इतका की पातेलं जुनं व्हायच्या आत रिकामं होतं. बाहेर खाताना मी एवढंच बघते. ज्या पदार्थाला त्या ठिकाणी गर्दी आहे तो मागवावा. शिजवलेला भात तासन् तास तसाच उघड्यावर राहिला तर त्यात पोट बिघडवणारे जंतू वाढतात आणि नंतर गरम केलं तरी त्यांचं विष जात नाही. ६० अंशांच्या वर वाफाळत राहिलेल्या अन्नात ती भीती फार कमी. वीस पानांच्या मेनूकार्डापेक्षा एका पातेल्याचं हॉटेल म्हणूनच मला जास्त भरवशाचं वाटतं. तळणीचं तेल काळं दिसलं तर भजी मागवू नयेत. तेल किती खराब झाल्यावर टाकून द्यायचं याचा नियम देशात १ जुलै २०१८ पासून आहे, पण कढईत डोकावून बघायला कायद्याचं पुस्तक लागत नाही.

दुसरं कारण असं की ती खिचडी मी केलेली नसते. ताट माझ्यासमोर कुणीतरी ठेवतं. "आणखी देऊ का?" असं मला कुणीतरी विचारतं. घरी हे वाक्य माझं असतं.

ही गोष्ट लहान वाटेल, पण इथपर्यंत यायला आमच्या घरात दोन पिढ्या गेल्या. माझ्या अम्मीनं हिंगोलीतल्या हॉटेलात बसून कधी काही खाल्लं नाही. अब्बा डबा घेऊन जायचे आणि भरून आणायचे. प्रवासात एस.टी. थांबली की पुरुष उतरायचे आणि चहाची बशी खिडकीतून बायकांकडे यायची. ही रीत केवळ मुसलमानांची होती असं समजू नका. आमच्या गल्लीतल्या देशमुखांच्या आणि वाण्यांच्या बायकाही त्याच खिडकीतून चहा घेत. माझ्या तरुणपणी 'फॅमिली रूम' आली. हॉटेलच्या मागच्या बाजूला प्लायवूडच्या खोपट्या, एक ट्यूबलाइट, कर्रकर्र करणारा पंखा आणि दाराला पडदा. पडद्याला हात पुसून पुसून त्याचा मूळ रंग कळत नसे. बाई हॉटेलात आली, पण ती तिथं आहे हे कुणाला दिसू नये, अशी ती व्यवस्था. वेटर आत यायच्या आधी खाकरायचा. मी तिथं बसून पुष्कळ मसाला डोसे खाल्ले आहेत, तेव्हा त्या खोलीला सरळ शिव्या देणार नाही. ती नसती तर मी हॉटेलात गेलेच नसते.

कोरोनानं या खोलीची गंमत केली. पहिल्या महिन्यांत सगळ्यांना भीती पार्सलची होती. पिशवी धुवा, डबा पुसा. पुढे कळत गेलं की आजार अन्नातून नाही, श्वासातून पसरतो आणि बंद, कोंदट जागेत, मास्क काढून, जवळजवळ बसल्यानं सर्वांत जास्त पसरतो. हॉटेलातलं जेवण म्हणजे नेमकं हेच. म्हणून दुकानं उघडल्यावरही हॉटेलांचा नंबर उशिरा लागला. महाराष्ट्रात ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या खुर्च्यांवर परवानगी मिळाली; एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा फक्त पार्सल; मग १५ ऑगस्ट २०२१ पासून रात्री दहापर्यंत, पुन्हा निम्म्या खुर्च्या. सगळे निर्बंध गेले ते २०२२ च्या गुढीपाडव्याच्या तोंडावर. पाडवा २ एप्रिलला होता आणि पहिला रोजा ३ तारखेला.

या हिशेबानं हॉटेलातली सर्वांत धोक्याची जागा कोणती? पडदा लावलेली फॅमिली रूम! आणि सर्वांत बरी जागा रस्त्याकडेचं उघडं अंगण, जिथं बाईनं बसू नये असं मानलं जायचं. मी ज्या हॉटेलात जाते तिथल्या मालकानं प्लायवूड काढून टाकलं, खिडक्या मोठ्या केल्या आणि सगळी टेबलं एका हॉलमध्ये मांडली. त्याचा विचार फक्त हवेचा होता. पण सगळं सुरळीत झाल्यावर त्या खोल्या परत उभ्या राहिल्या नाहीत आणि बायका हॉलमध्येच बसू लागल्या. इतर ठिकाणी असं झालं असेलच असं नाही. आजही बऱ्याच हॉटेलांच्या पाटीवर 'फॅमिली रूमची स्वतंत्र व्यवस्था' वाचायला मिळते.

हॉटेलं बंद होती तेव्हा तिथं राबणाऱ्यांचं काय झालं, हा विषय वेगळ्या भाषणाचा आहे. एवढंच सांगते की बाहेरचं जेवण ही ज्यांची चैन नाही, गरज आहे, त्यांची आठवण सरकारला आधीच झाली होती. २६ जानेवारी २०२० ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण, दहा रुपयांत. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली, थाळी पाच रुपयांवर आणली गेली आणि दुसऱ्या लाटेत काही महिने मोफत होती. दवाखान्यात पेशंटजवळ बसलेल्या, खेड्यावरून आलेल्या माणसाला घरचं जेवण श्रेष्ठ की बाहेरचं, हा वाद सुचत नाही. आणि जेवण विकणाऱ्या बायकांची परंपराही आपल्याकडे मोठी आहे. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्यांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभी केली. घरात त्याच हातांनी केलेला स्वयंपाक कुणी मोजत नव्हतं. खानावळीत ताटागणिक मोजला गेला आणि बँकेनं त्याच कामावर त्यांना कर्जही दिलं.

आता आमच्या भिशीबद्दल. आम्ही अकराजणी आहोत. तिघी मुसलमान, दोघी माळकरी घरातल्या, एक जैन, बाकीच्या मिश्र. आधी भिशी घरी व्हायची. ज्या घरी असेल तिथली बाई आदल्या दिवसापासून कामाला जुंपलेली. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारीसाठी वेगळं, कंदमुळं न खाणारीसाठी वेगळं. माझ्या घरी असली की मी नव्या पातेल्यात करायची आणि पातेलं नवं आहे हे कुणाच्या लक्षात येईल अशा ठिकाणी ठेवायची. कुणी कधी विचारलं नाही. तरी मी ठेवायची. येणाऱ्या बायकाही अवघडायच्या नाहीत, पण त्या अवघडत नाहीत हे आम्हा सगळ्यांना जाणवायचं. हे सांगताना मला जरा संकोच वाटतो, पण खेड्यापाड्यांत आणि तालुक्याच्या गावांत राहणाऱ्यांना मी काय म्हणते ते समजेल.

२०२२ पासून आम्ही भिशी हॉटेलात नेली. शुद्ध शाकाहारी हॉटेल आहे, माझी त्यात काहीच गैरसोय होत नाही. मटण मला घरी चांगलं करता येतं. प्रत्येकीनं आपल्याला चालतं ते मागवायचं आणि बिलाचे अकरा भाग करायचे. जी सर्वांत कमी खाते तिची दर वेळी थोडी कुरकुर होते. कुणी उठत नाही, कुणी वाढत नाही, कुणाच्या घरचं पातेलं कुणी बघत नाही. गप्पा आधी स्वयंपाकाच्या व्हायच्या, आताही होतात. पनीरच्या रश्श्यात काजू आहेत की मगजबी, यावर अर्धा तास जातो आणि दोघीतिघी घरी जाऊन तो करून बघतात. हॉटेलवाला सकाळी कांदा-टोमॅटोचा मसाला एकदाच मोठ्या कढईत परतून ठेवतो आणि मोठ्या आचेवर पाच मिनिटांत भाजी उठवतो, हे आम्हाला भटारखान्यात डोकावूनच कळलं. घरी आता मी आठवड्याचा मसाला तसाच करून ठेवते. माझी २८९ मिनिटं त्यानं किती कमी झाली ते मोजलेलं नाही.

पुढची भिशी वारंगा फाट्यावर करायची असं चाललं आहे. जीप ठरवायची, दुपारी निघायचं, खिचडी खायची आणि दिवेलागणीच्या आत परत. नऊजणींचं नक्की झालं आहे. एकीच्या घरी अजून विचारायचं आहे. आणि एकीनं विचारलं, तर तिच्या घरचे म्हणाले, खिचडी खायला एवढ्या लांब कशाला, घरीच कर ना. तिनं त्यांना काय उत्तर द्यावं, यावर सध्या आमची चर्चा चालू आहे.